सहीच्या आधीची ओळ

प्रिय मुली,

नर्सिंगची सर्जिकल वॉर्डातली पोस्टिंग संपत आली आणि लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या वहीत, सह्या निम्म्याच, म्हणून तू घाबरलीस. सह्या मिळतील गं. सिस्टरांना ड्यूटी सुटताना गाठलं की एका बैठकीत वीस मिळतात. आम्हीही तेच केलं. माझ्या प्रोसिजर बुकात एका पानावरच्या सगळ्या सह्या एकाच शाईच्या. परीक्षेला आलेल्या एक्स्टर्नल मॅडमनी त्या पानावर बोट ठेवलं, "यातला एक तरी पेशंट आठवतो का?" मी गप्प.

म्हणून सही घेण्याआधी, त्याच दिवशी, एक ओळ लिहीत जा: वर्गातलं इथं कुठं अडलं? सलाइनचंच बघ. ५०० मिलि, ८ तास, मिलिला २० थेंबांचा सेट. वर्गातलं उत्तर मिनिटाला २१ थेंब, पूर्ण मार्क. वॉर्डात तू घड्याळ धरून २१ लावलेस. दोन तासांत १२५ मिलि जायला हवं, गेलं जेमतेम ५०. का? सुई कोपराच्या वळणात आणि आजोबा हात दुमडून गाढ झोपलेले. हे सूत्रात कुठंय? ही ओळ ट्यूटरना दाखव. मग शीर कुठली निवडायची, बाटलीला वेळा लिहिलेली चिकटपट्टी का लावायची, हे धडे तुला पाठ करावे लागणार नाहीत.

२०२१च्या नव्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात ऑस्की (OSCE) आहे, म्हणजे एकेका स्टेशनवर जाऊन ठरावीक काम करून दाखवायची परीक्षा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही पद्धत, परीक्षा म्हणून चांगलीच. पण स्टेशनवरचा पुतळा कोपर दुमडत नाही! त्यापेक्षा मला मिनी-सीईएक्स (Mini-CEX) जास्त पटते. अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांसाठी निघालेली ही रीत: शिक्षक खऱ्या पेशंटपाशी तुझं काम पंधरा-वीस मिनिटं बघतात आणि लगेच बोलतात. तुमच्याकडे तसा फॉर्म नसला तर नसू दे. उद्या सिस्टरांना म्हण, "एक ड्रेसिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघाल का?" गर्दीच्या वेळी विचारू नकोस, राउंड झाल्यावर विचार. त्या रागावल्याच तर काय चुकलं तेही लिहून ठेव.

आणि हो, त्या ओळीत पेशंटचं नाव नको. वय आणि ऑपरेशन पुरे.

तुझी,
ताई