कळायचं का काही?

प्रिय बाळा,

रविवारी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्काराच्या, तयारीच्या वर्गातून येताना तू गाडीत विचारलंस, "मम्मी, वसईत तुम्ही सगळं नुसतं पाठच करायचात ना? कळायचं का काही?" मी गप्प बसले. रागावले नव्हते, पण लागलं खरं.

सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा. फरशीवर मांडी घालून बसायचं. सिस्टर विचारायच्या, "देव किती?" आम्ही एका सुरात, "एक!" "देवात व्यक्ती किती?" "तीन!" की लगेच पुढचा प्रश्न. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, हे एकात तीन कसे, हे विचारायला कुणी थांबतच नसे. चर्चचे सात संस्कार तर पाढ्यासारखे म्हणायचो. 'रुग्णाभ्यंग', म्हणजे आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार, आला की नंदाखालच्या मावशीचा बाबू हमखास अडखळायचा आणि मागची पोरं खुसखुसायची.

पुढे आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात फादर घरी आले, त्यांनी आजोबांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. केळीच्या चिकाचे डाग त्या हातांवरून कधी गेलेच नाहीत. बोलणं बंद झालं होतं, तरी ओठ 'नमो मारिया' ही प्रार्थना पुटपुटत होते. जन्मभराचं पाठ होतं म्हणूनच ना? आणि त्या खोलीत मला तो संस्कार कळला.

तरी तुझं म्हणणं खोटं नाही. पाठ करता करता आमच्यातल्या कित्येकांचा विचारायचा धीरच गेला. तुमच्या वर्गात 'मला हे पटत नाही' असं म्हणता येतं, ते मला फार आवडतं. आपल्याकडेही विचारणारे होतेच की. इंग्लंडहून आलेले फादर स्टीफन्स गोव्यातल्या सासष्टीत मुलांना धर्मशिक्षण देत असताना एका ब्राह्मणाने त्यांच्याकडे मोठ्यांसाठी पुराण मागितलं. त्यातून १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण छापून आलं.

तुझ्या फोनवरच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, २८६५ परिच्छेद आहेत, आमची पुस्तिका खिशात मावायची. पण विषय तेच: श्रद्धा, संस्कार, आज्ञा, प्रार्थना.

दृढीकरणात घ्यायचं संताचं नाव अजून ठरवलं नसशील तर गोन्सालो गार्सियांबद्दल वाच. आपल्या वसईचे, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. हेच नाव घे असं नाही हं, नुसतं वाच.

आणि शनिवारी आजीशी बोलशील तेव्हा तुझा प्रश्न तिलाही विचार. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. ती काय सांगते, ते मलाही ऐकायचंय.

तुझी,
मम्मी