वाचकांचे प्रश्न : कर्सर न्यायचा कुठे, कळ दाबायची कोणती?

प्रश्न : मी नवख्यांना एडिटर (मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम) शिकवतो. पहिल्याच तासाला चाळीस शॉर्टकटांचा कागद देतो. तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा बाणाची कळ दाबून धरून बसलेले असतात, नाहीतर माऊस पकडतात. चुकते कुठे?

उत्तर : कागदातच चुकते. तो कळांच्या नावांप्रमाणे लावलेला असतो, आणि शिकणाऱ्याच्या मनात मात्र ‘त्या शब्दापाशी जायचंय’ एवढेच असते. म्हणून अंतराप्रमाणे शिकवा. एक-दोन अक्षरे सरकायचे असेल तर साधा बाण. शब्दाशब्दाने जायचे असेल तर कंट्रोल धरून डावा-उजवा बाण. ओळीच्या टोकाला होम आणि एंड, मजकुराच्या टोकाला त्याच दोन कळा कंट्रोल धरून. पहिल्या दिवशी याहून जास्त नको.

बाण दाबून धरण्याची सवय रागावून जात नाही, हिशेब दाखवला की जाते. विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये कळ दाबून धरली की कर्सर एक घर सरकतो, सुमारे अर्धा सेकंद थांबतो आणि मग सेकंदाला साधारण ३० घरे पळतो. म्हणजे ८० अक्षरांची ओळ ओलांडायला तीन-एक सेकंद. शिवाय सुसाट पुढे गेलेला कर्सर मागे आणायची कसरत वेगळीच. एंड एकदा दाबले की काम झाले.

सरावासाठी २० ओळींचा मजकूर घ्या, त्यातल्या दहा शब्दांवर खूण करा. टाइप काहीच करायचे नाही, फक्त खुणेपर्यंत पोहोचायचे. आणि कळ दाबण्याआधी वाट तोंडाने सांगायची. कर्सर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आहे आणि शब्द चौथ्या ओळीत शेवटून तिसरा आहे, तर वाट अशी : तीन वेळा खाली, एंड, तीन शब्द मागे. सात दाब. कुणी चाळीस दाबांत पोहोचला, तर दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि पुढे चला. काही एडिटरांत कर्सर विरामचिन्हापाशीही थांबतो, तेव्हा दाब एखाद-दुसरा वाढेल. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वर्गात त्यावरच चर्चा रंगते.

वाटा बोटांत बसल्या की मगच शिफ्ट. नवीन पाठ करायचे काही नाही : तीच वाट शिफ्ट धरून चालली की मजकूर निवडला जातो. इथे दोन चुका हमखास होतात. शिफ्ट उशिरा धरली, तर निवड अर्ध्या वाटेतून सुरू होते. आणि निवड तशीच असताना एखादे अक्षर दाबले गेले, तर निवडलेला अख्खा परिच्छेद जाऊन तिथे ते एकच अक्षर उरते. म्हणून कंट्रोल-झेड, म्हणजे केलेला बदल मागे घेणे, शिफ्टच्या आधी शिकवा.

पडद्याबाहेरच्या अंतरासाठी आमचे मत स्पष्ट आहे : पेज डाऊन बडवत बसण्यापेक्षा शोध बरा. कंट्रोल-एफ, शब्दाची चार अक्षरे, एंटर, एस्केप. सापडलेला शब्द बहुतेक ठिकाणी निवडलेलाच राहतो, तेव्हा टाइप करण्याआधी डावा बाण एकदा दाबायला लावा. कर्सर शब्दाच्या सुरुवातीला येतो आणि शब्द पुसला जात नाही.

प्रश्न : वर्गातल्या एकीकडे मॅक आहे. तिने कंट्रोल-बाण दाबला की भलताच डेस्कटॉप समोर येतो.

उत्तर : मॅकवर शब्दासाठी ऑप्शन-बाण, ओळीच्या टोकासाठी कमांड आणि डावा-उजवा बाण, मजकुराच्या टोकासाठी कमांड आणि वर-खाली बाण. आणखी एक बारीक फरक : विंडोजमध्ये उजवीकडे उडी मारली की कर्सर सहसा पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला थांबतो, मॅकवर चालू शब्दाच्या शेवटी. दोघांची वाट एका दाबाने चुकते ती त्यामुळे.

प्रश्न : व्हिम या एडिटरमध्ये लिहिण्याची आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगळी असते, आणि आज्ञा देताना एच-जे-के-एल या कळा कर्सर डावीकडे, खाली, वर, उजवीकडे नेतात. तो शिकवताना या कळांपासून सुरुवात करावी का? मुले तिथेच कंटाळतात. शिवाय अधूनमधून ओळी आपोआप एकमेकींना चिकटतात!

उत्तर : कंटाळणारच. ही चार अक्षरे आली १९७६च्या सुमारास. बिल जॉय यांनी व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला तेव्हा ते एडीएम-३ए हे टर्मिनल (संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) वापरत होते आणि त्यावर बाण याच चार कळांवर छापलेले होते. बोटे मधल्या ओळीवरून हलत नाहीत हा फायदा खरा, पण एका वेळी एकच घर सरकायचे असेल तर कळ कोणती याने फार बिघडत नाही. पहिला आठवडा बाण वापरू द्या.

आधी बिंबवा ते एस्केप : ते दाबले की लिहिणे थांबते आणि कळा आज्ञा होतात. लिहून झाले की एस्केप, गोंधळ झाला की एस्केप. मग डब्ल्यू आणि बी : एक शब्द पुढे, एक मागे. मग शून्य आणि डॉलर, ओळीची दोन टोके. त्यानंतर एफ : एफ दाबून कोणतेही अक्षर दाबले की कर्सर त्याच ओळीत पुढे ते अक्षर जिथे असेल तिथे जातो, अर्धविरामाने पुढच्या तशाच अक्षरावर. तिरपी रेघ म्हणजे शोध. इथवर आले की मुलांचे डोळे चमकतात. आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, म्हणजे आजच्या टर्मिनलमध्ये, ‘व्हिमट्यूटर’ ही आज्ञा दिली की सुमारे अर्ध्या तासाचा पाठ उघडतो. तो मूळ फाइलची प्रत असतो, बिनधास्त बिघडवू द्या.

ओळी चिकटतात त्या कॅप्स लॉकमुळे. लहान जे खाली नेतो, मोठा जे खालची ओळ वर जोडतो. कॅप्स लॉक काढा आणि लहान यू दाबत झालेले बदल मागे घ्या. एक लांबलचक ओळ पडद्यावर चार ओळींत दुमडलेली असेल, तर जे ती सगळी ओलांडतो. दुमडीतल्या ओळीवर जायला जी आणि जे.

प्रश्न : मराठी लिहिता लिहिता एस्केप दाबले, तरी व्हिम एकही आज्ञा ऐकत नाही.

उत्तर : कीबोर्ड अजून मराठीवरच आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत एच, जे, के, एल या कळा प, र, क, त ही अक्षरे देतात, आणि ती व्हिमच्या लेखी आज्ञा नाहीत. एस्केपनंतर लगेच कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, विंडोजमध्ये विंडोज-स्पेसने. व्हिमच्या लँगमॅप या सेटिंगमध्ये ‘प म्हणजे एच’ अशा जोड्या देता येतात, पण डब्ल्यू आणि ई या कळांवर सुट्या मात्रा आहेत आणि तिथे जोड्या लावणे किचकट होते. नवख्यांना त्यात पाडू नका.

प्रश्न : उजवीकडच्या आकड्यांच्या कळा आकडे देण्याऐवजी कर्सर पळवतात, आणि नंतर टाइप केले की पुढची अक्षरे खाल्ली जातात.

उत्तर : नम लॉक बंद आहे. तो बंद असताना त्या कळा बाण, होम, एंड होतात, आणि शून्याची कळ होते इन्सर्ट. ती चुकून दाबली गेली की अनेक एडिटर पुढचे अक्षर पुसत लिहू लागतात. इन्सर्ट पुन्हा एकदा दाबा, मग नम लॉक लावा.