प्रश्न तुमचे : वीज गेल्यावर ग्राहक अडकतात ते का?

प्रश्न : धायरीत आमचं छोटं इंटरनेटचं जाळं आहे, साधारण 700 ग्राहक, सगळे पीपीपीओईवर, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडणारे. लॉगिन तपासायला फ्रीरेडियस सर्व्हर आणि नोंदींसाठी मारियाडीबी डेटाबेस वापरतो. वळवाच्या पावसात वीज जाऊन राउटर बंद पडला की परत आल्यावर निम्म्या ग्राहकांचं लॉगिन नाकारलं जातं. पासवर्ड बरोबर असतो. मग असं का?

उत्तर : पासवर्डचा इथे संबंध नाही. तुम्ही एका वेळी एकच लॉगिन, म्हणजे सायमल्टेनियस-यूज 1, ठेवलं असणार. ही मोजणी फ्रीरेडियस राउटरला विचारून करत नाही. डेटाबेसमधल्या रॅडॲक्ट या लॉगिनच्या नोंदींच्या टेबलात त्या ग्राहकाच्या किती नोंदींचा ॲक्टस्टॉपटाइम (लॉगिन संपल्याची वेळ) रिकामा आहे ते पाहतो. राउटर अचानक बंद पडला तर लॉगिन संपल्याचा 'स्टॉप' संदेश येतच नाही, नोंद उघडी राहते आणि ग्राहक आधीच आत आहे असं सर्व्हर धरून चालतो.

त्या वेळचा उपाय असा : त्याच राउटरच्या आयपीच्या ज्या उघड्या नोंदींचा ॲक्टअपडेटटाइम (शेवटचा अपडेट आल्याची वेळ) राउटर पुन्हा सुरू होण्याच्या आधीचा आहे, तेवढ्याच बंद करा. स्टॉपटाइममध्ये आत्ताची वेळ घालू नका, तो शेवटचा अपडेटटाइम घाला. नाहीतर वीज नव्हती तो काळही वापरात मोजला जाईल. नोंदी पुसून तर मुळीच टाकू नका. परवान्याच्या अटींनुसार त्या किमान दोन वर्षं जपायच्या असतात.

कायमच्या उपायासाठी ग्रुपच्या रिप्लाय टेबलात ॲक्ट-इंटरिम-इंटरव्हल द्या, म्हणजे राउटरने दर किती सेकंदांनी अपडेट पाठवायचा तो आकडा. 600 सेकंदांपेक्षा कमी ठेवू नये अशी मानकाची शिफारस आहे, पण 700 ग्राहकांना 300 ठेवलं तरी सेकंदाला दोन-तीनच संदेश येतात. साधा सर्व्हरही ते सहज पेलतो. मग दर पाच मिनिटांनी चालणारं एक काम लावा : 15 मिनिटांत अपडेट न आलेली उघडी नोंद बंद करायची. एखादा संदेश वाटेत हरवतोच, म्हणून तीन चुकेपर्यंत थांबायचं. घाईने बंद केलेली नोंद पुढचा अपडेट आला तरी आपोआप उघडत नाही, आणि मग त्याच नावाने दुसरं लॉगिन आत येऊ शकतं.

घड्याळ आधी तपासा. डेटाबेस यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि हे काम करणारी स्क्रिप्ट भारतीय वेळेवर असेल, तर प्रत्येक नोंद साडेपाच तास जुनी दिसेल आणि चालू ग्राहकांच्याही नोंदी बंद होतील.

प्रश्न : पासवर्ड एमडी5 करून, म्हणजे मूळ शब्दाऐवजी त्याचा हॅश (सांकेतिक ठसा) ठेवला तर चालेल का?

उत्तर : राउटर पॅप वापरत असेल, म्हणजे सर्व्हरला ग्राहकाचा पासवर्डच मिळत असेल, तर चालेल. चॅप आणि एमएस-चॅप या पद्धतींत पासवर्ड पाठवलाच जात नाही, म्हणून पडताळणीसाठी सर्व्हरकडे चॅपला मूळ पासवर्डच लागतो, एमएस-चॅपला मूळ पासवर्ड किंवा त्याचा एनटी हॅश (दुसऱ्या प्रकारचा ठसा). तेव्हा पासवर्ड एमडी5मध्ये बदलण्याआधी राउटरवर काय सुरू आहे ते पाहा.