बाप्तिस्म्याच्या नोंदीआधी दफनाची नोंद शोधा

प्रश्न : आम्ही जालना जिल्ह्यातले. पणजोबा हिंदू होते, १९६१ साली वारले. त्यांच्या कमाईची जमीन १९६२ च्या फेरफाराने फक्त धाकट्या मुलाच्या नावावर लागली. थोरला मुलगा लक्ष्मण म्हणजे माझे आजोबा. त्यांनी १९३८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि याकोब झाले. वडील १९४४ चे. आजोबा ‘दुष्काळात गेले’ एवढंच घरात सांगतात. आता रस्त्यासाठी जमीन संपादित होतेय. चुलते म्हणतात, याकोब आमच्या घरातला नाही, आणि धर्म सोडला त्याला हिस्सा कसला? चर्चच्या रजिस्टरवर नातं सिद्ध होईल का?

उत्तर : होऊ शकतं. पण आधी तुमच्या चुलत्यांचा दुसरा मुद्दा, कारण खरा धोका तिथे आहे.

धर्म बदलला म्हणून आजोबांचा हिस्सा गेला, हे चूक. १९६१ मध्ये हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होता आणि त्यात धर्मांतर केलेला मुलगा स्वतः अपात्र ठरत नाही. मात्र कलम २६ म्हणतं, धर्मांतरानंतर जन्मलेली त्याची मुलं वारसा खुला होताना, म्हणजे जमिनीचा मालक वारतो त्या वेळी, हिंदू नसतील तर हिंदू नातेवाइकांची वारस होऊ शकत नाहीत. तुमचे वडील धर्मांतरानंतर जन्मले. म्हणजे ही जमीन तुमच्यापर्यंत यायला एकच वाट आहे : पणजोबा वारले त्या दिवशी आजोबा हयात हवेत. तसं असेल तर हिस्सा आजोबांना मिळाला. पुढे ते ख्रिस्ती म्हणून वारले तेव्हा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे तो आजीला एक तृतीयांश आणि उरलेला मुला-मुलींना सारखा गेला. आत्यांचाही, हे विसरू नका. आजोबा आधी गेले असतील तर दावा उभा राहत नाही. हे आजच सांगतोय, कारण वकिलाची फी आणि पाच-दहा वर्षं घालवल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

दुष्काळ म्हटला की आपण १९७२ धरतो, न्यायालय धरणार नाही. म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीआधी दफनाचं रजिस्टर बघा. दफनभूमीत थडग्यावर नाव-तारीख कोरलेली असेल तर तिचा फोटो घ्या. नातेसंबंधाबद्दल थडग्यावर कोरलेला मजकूरही भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २६ मध्ये पुरावा म्हणून चालतो. जोडीला तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या गावाचा गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, मागा.

आता लक्ष्मण आणि याकोब एकच माणूस, हे दाखवायचं. प्रौढाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पूर्वीचं नाव, बापाचं नाव, गाव आणि वय असेल तर निम्मं काम झालं. तेच नाव-गाव १९५४-५५ च्या खासरा पाहणीत (मराठवाड्यातल्या जमिनींची जुनी नोंद) आणि वडिलांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात ताडून बघा. निजामकाळची उर्दू कागदपत्रं निघाली तर फसली सालात (निजामाच्या कारभारातलं महसुली वर्ष) ५९० मिळवा. फसली १३४७ म्हणजे १९३७-३८.

चर्चच्या आजच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) लिहून दिलेल्या दाखल्यावर विसंबू नका. तो आजचा कागद आहे. वजन मूळ रजिस्टरला असतं. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ खाली त्यावरचं अक्षर आणि सही खरी असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. मजकूर खरा आहे असं मात्र नाही. मजकुरासाठी पुन्हा साक्ष्य अधिनियमाचंच कलम २६ : हयात नसलेल्या पाळकाने कामाच्या ओघात, वाद उपजण्याच्या कितीतरी आधी केलेली नोंद पुरावा म्हणून चालते. ‘योग्य ताबा’ मराठवाड्यात जपून सिद्ध करावा लागतो. ख्रिस्ती धर्मप्रचारक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली ते स्कॉटलंडच्या मिशनचं काम होतं, औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटी होती, आणि १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एक झाल्या. कपाटं आणि शिक्के बदलले. रजिस्टर कुठून कुठे आलं हे सांगणारा साक्षीदार लागेल. आत्ता पानाची आणि मागच्या-पुढच्या पानांची प्रत घ्या; दाव्यात मूळ रजिस्टर समन्स काढून मागवा.

साठ वर्षं उलटली म्हणून खचू नका. फेरफाराने मालकी ठरत नाही, आणि सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांच्या वतीने धरला जातो. मात्र चुलत्यांनी उघडपणे हक्क नाकारून बारा वर्षं जमीन कसली असेल तर प्रतिकूल ताब्याचा बचाव ते घेतील. आजोबांच्या हयातीचा मुद्दा सुटला तरी मला भीती याची वाटते. कोणी कधी काय नाकारलं, हे वडिलांकडून आजच लिहून काढा.

घरात कोणाकडे अनुसूचित जातीचा दाखला असेल तर दाव्याआधी सर्वांना एकत्र बसवा. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशाने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, आणि हे रजिस्टर एकदा दाखल झालं की सर्वांसमोर येतं.

कागद गोळा होईपर्यंत भूसंपादन अधिकाऱ्याकडे मोबदल्याच्या वाटपावर लेखी हरकत द्या. पैसे वाटून झाल्यावर वसुली फार जड जाते. वंशावळ, वडिलांचं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा जोडा, आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.