शून्य अपघाताचा बोर्ड कसा वाचायचा: भुयारी खाणीत मुलाला पाठवणाऱ्या ताईंना उत्तर

तासगावच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाने मायनिंगचा डिप्लोमा केलाय आणि राज्याबाहेरच्या एका भुयारी धातुखाणीत ट्रेनी म्हणून त्याची निवड झालीय. कंपनीच्या माणसांनी पडद्यावर दाखवलं की वर्षभरात एकही अपघात नाही आणि उत्पादन ठरवलं होतं त्याच्याही वर. आजी रडतेय, मामा म्हणतो असले आकडे खोटे असतात, आणि ताई विचारतात, पाठवू की नको?

मी पाटण तालुक्यातला. वडील कोयनेच्या बोगद्यात ड्रिलरच्या हाताखाली होते. मी बाहेरच्या राज्यात धातूच्या भुयारी खाणीत ब्लास्टर म्हणजे सुरुंग उडवणारा, मग मेट म्हणजे टोळीचा मुकादम, मग फोरमन असं करत एकतीस वर्षं काढली. खाणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आता कराडला असतो, गुडघे सोडले तर बरा आहे.

मामांचं अर्धं बरोबर आहे. आकडा खोटाच असेल असं नाही. खरा असूनही त्यातून फारसं कळत नाही, ही खरी अडचण. मी कामाला होतो तेव्हाच्या, १९५२च्या खाण कायद्यात नोंदवण्याजोगी दुखापत म्हणजे जिच्यामुळे माणूस ७२ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकत नाही ती, अशी व्याख्या होती. गंभीर दुखापत आणि मृत्यू वेगळे, ते लपवणं अवघड. पण बोट चेंगरलं, चार टाके पडले, तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला जीपने आणून लॅम्प रूममध्ये खुर्चीवर बसवायचं, 'हलकं काम' म्हणून हजेरी लावायची, की ७२ तास भरतच नाहीत. हे मी पाहिलंय, आणि एकदोनदा गप्पही बसलोय. बोर्डावरचं शून्य तसंच राहतं.

आता उत्पादनाचं. मार्चएंडला कारखान्यापासून पतपेढीपर्यंत सगळीकडे जी धावपळ असते तीच खाणीत. आमच्याकडे तीन स्टोप होते. स्टोप म्हणजे खनिज जिथून काढतात ती पोकळी. एका मार्चला त्यातल्या एकात वाळू भरणं चाललं होतं, दुसऱ्यातलं ड्रिल बंद पडलेलं, माल निघत होता फक्त तिसऱ्यातून. मेटने छताला पहार वाजवली आणि म्हणाला, "साहब, आवाज ठीक नहीं है।" चांगला दगड टणकन वाजतो. पोटात भेग असली की तडा गेलेल्या मडक्यासारखा भद्द आवाज येतो. तो मलाही ऐकू आला. तरी मी म्हणालो, दोन ट्रिप काढू, जेवणानंतर ड्रेसिंग करू. ड्रेसिंग म्हणजे सैल दगड पहारीने आधीच पाडून घेणं. माणसं डबा खायला बाहेर आली आणि मागे छताची लादी लोडरवर येऊन बसली. कोणाला खरचटलंही नाही.

लोडर उकरून काढायला अकरा शिफ्ट गेल्या. दोन ट्रिपसाठी अकरा शिफ्ट! रजिस्टरमध्ये 'लोडर ब्रेकडाउन' असं लिहिलं गेलं. लिहिणारा मीच. त्या महिन्याच्या बोर्डावर अपघात शून्य, आणि ते शून्य खरंच होतं. पावसाळ्यात शेजारच्या स्टोपमध्ये, त्याच भेगेच्या रांगेत, एका लोडर चालकाचा पाय गेला. मी खरं लिहिलं असतं तर सर्व्हेअरने ती भेग नकाशावर पुढे ओढून पाहिली असती आणि तिथे आधीच रूफ बोल्ट, म्हणजे छत धरून ठेवणारे लोखंडी बोल्ट, बसले असते. त्या चालकाचं गाव मला माहीत आहे. अजून जाण्याची हिंमत झालेली नाही.

त्या दिवशी मी तसं का म्हणालो, याचा विचार पुढे बरीच वर्षं केला. अक्कल नव्हती म्हणून नाही, घाबरट होतो म्हणूनही नाही. ती जागा बंद ठेवून माल काढायला माझ्याकडे दुसरी जागा नव्हती. ताई, तुमची द्राक्षबाग आहे म्हणता, तर हे तुम्हाला चटकन कळेल. ऑक्टोबर छाटणी सगळ्या प्लॉटवर एकाच दिवशी कोणी घेत नाही. पुढेमागे घेतली की अवकाळी पाऊस आला तरी एखादा प्लॉट सापडतो, बाकीचे वाचतात. खाणीत तसंच असतं. ड्रिल मारायचं, बार उडवायचा, धूर जाईपर्यंत थांबायचं, ड्रेसिंग करायचं, माल उचलायचा, बोल्ट मारायचे, पोकळी भरायची आणि मग पुन्हा ड्रिल. एका जागेचं हे चक्र पुरं व्हायला दिवस लागतात. म्हणून एका फेसवर भराई चालू असताना दुसरा माल द्यायला आणि तिसरा ड्रिलला तयार हवा. फेस म्हणजे जिथे प्रत्यक्ष दगड फुटतो ती जागा. तयार फेस चारपाच असले की मेट एखादा बंद करतो आणि कोणी ओरडत नाही. एकच असला की तोच मेट, तोच दगड, पण तोच भद्द आवाज त्याला टणक वाटायला लागतो.

म्हणून मुलाला सांगा, मुलाखतीच्या पडद्यावरचं काही विचारू नकोस, एवढंच विचार: आज कामाला तयार फेस किती आहेत, आणि डेव्हलपमेंट किती पुढे आहे? डेव्हलपमेंट म्हणजे खनिजापर्यंत पोचायचे बोगदे. त्यातून माल जवळपास निघत नाही, फक्त खर्च होतो. त्यामुळे टनांचा आकडा फुगवायचा असेल तर पहिली कात्री तिथेच लागते. वर्षभर आकडा छान दिसतो. पुढच्या वर्षी एकाच फेसवर सगळी खाण उभी असते. एखाद्या खाणीचं उत्पादन लक्ष्याच्या फार वर गेलेलं दिसलं की मला आनंद होण्याआधी हाच प्रश्न पडतो. दर महिन्याला साधारण सारखा माल देणारी खाण मला जास्त आवडते.

हवेचंही तसंच आहे. कोळशाच्या खाणींच्या नियमात तर दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बांधल्यात: सर्वात मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर हवा, किंवा रोजच्या दर टनामागे २.५ घनमीटर, यांपैकी जी जास्त भरेल तेवढी. म्हणजे हवा न वाढवता टन वाढवता येत नाहीत, कायद्यानेच. धातूच्या खाणीत डिझेलच्या गाड्यांचा धूर आणि खोलीबरोबर वाढणारी उष्णता हा त्रास असतो. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर ३०.५ अंशांच्या वर गेलं तर सेकंदाला निदान एक मीटर वेगाने हवा खेळती हवी, आणि ३३.५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. हा मोजमापाचा तक्ता रजिस्टरमध्ये असतो. ट्रेनीला तो बघायला मिळतो, फक्त मागायला हवा. कपाळावरचा घाम पुसत 'इथे असंच असतं' म्हणणारा साहेब भेटला तर सावध व्हावं.

मूळ विषय सोडून एक सांगतो. जत-आटपाडीकडे खोल विहिरींत इंजिन उतरवतात आणि मग गाळ काढायला माणूस जातो. खाली कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे. ऑक्सिजन फार कमी असेल तर कंदील विझतो, हे खरं. पण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कंदील विझवत नाही, त्याला वासही नाही. कंदील जळतोय म्हणून उतरलेला माणूस वर येईलच असं नाही. खाणीत यासाठी मीटर असतो. विहिरीवरही असायला हवा, पण यारीच्या भाड्यावर घासाघीस करणारा मालक मीटर कुठून आणणार.

आजींना चासनाळा आठवत असेल. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळ, ३७५ माणसं गेली. जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांचं पाणी फुटून चालू खाणीत घुसलं. ती कोळशाची खाण होती. कोळशातला मिथेन, म्हणजे पेट घेणारा वायू, धातूच्या खाणीत सहसा नसतो, एवढं आजींना सांगा. पाणी आणि छत मात्र सगळीकडे सारखंच. आपल्याकडचा काळा पाषाण पक्का म्हणतात, पण घाटात रस्ता कापलेला असतो तिथे दोन थरांच्या मधे तांबडा मातकट पट्टा दिसतो ना, वडील म्हणायचे बोगद्यात तो आला की सगळ्यांचं बोलणं बंद व्हायचं. पाणी लागलं की तो फुगतो आणि सुटतो.

विचारायची दुसरी जागा म्हणजे खाणीच्या गेटबाहेरची चहाची टपरी. तिथे ठेकेदाराची माणसं भेटतात. त्यांना विचारायचं, शेवटचं काम कधी बंद केलं होतं आणि कोणी केलं? 'मेटने केलं, साहेब दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेले' असं उत्तर आलं तर चांगलं. 'इथे कधी काम बंद पडतच नाही' असं अभिमानाने कोणी सांगितलं तर मी माझ्या मुलाला पाठवलं नसतं. आणि हेही विचारायचं की ठेकेदाराच्या माणसाला लागलं तर ते बोर्डावर येतं का. दर दहा लाख मनुष्यतासांमागे किती दुखापती, असा आकडा कंपन्या काढतात. त्यात ठेक्याची माणसं धरलेली नसतील तर तो आकडा निम्म्या खाणीचाच.

तर ताई, पाठवा. या धंद्यात शिकलेली मुलं यायला हवीत आणि पगारही बरा आहे. पण वरच्या प्रश्नांची उत्तरं आल्यावरच. पहिली दोन वर्षं त्याने ऑफिसात एक्सेल भरत बसू नये. मेट-ब्लास्टरच्या मागे फिरावं, पहार स्वतः वाजवावी आणि फोरमनच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसावं. डिप्लोमावाला पोरगा म्हणून जुने मेट आधी चेष्टा करतील, करू द्यावी. आवाज ओळखायला तेच शिकवतात, पुस्तकात तो नाही. ड्रिल कोरडं मारताना दिसलं तर तिथे उभं राहू नये, पाणी सोडायला लावावं. सिलिकाची धूळ डोळ्याला दिसते त्याहून बारीक असते.

रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी होईल, त्यात छातीचा एक्स-रे काढतात. त्याची एक प्रत मागून घरी कपाटात ठेवा. पुढे दर पाच वर्षांनी तरी तपासणी होते, त्या प्रतीही जपा. सिलिकोसिस, म्हणजे ही धूळ फुप्फुसात बसून होणारा आजार, कायद्याने अधिसूचित आहे, पण वीस वर्षांनी छातीत काही निघालं तर 'हे आधीपासूनच होतं' म्हणणारे भेटतात. माझ्याबरोबरच्या दोघांकडे पहिली फिल्म नव्हती.