आधी फीत

अमळनेर

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पारोळ्याकडचा तो कपाशीवाला, वजन अवघे ५८ किलो, तरी रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, २४० आणि उपाशीपोटी साखर ११२. अशा काटकुळ्या माणसाला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणावे का, असे तू विचारतोस. चार पानांत त्याच्या कमरेचा आकडा मात्र कुठेच नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड आणि चांगले कोलेस्टेरॉल, या पाचांपैकी तीन खुणा जुळल्या की निदान होते. दोन तुझ्या हातात आहेतच. तिसरी कदाचित फितीवर मिळेल. आपल्याकडे पुरुषाच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर, बाईची ८०. हडकुळ्या अंगात चरबी दडते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आपल्या नवजात बाळांतसुद्धा दाखवले आहे, मग वजनकाट्यावर एवढा भरवसा कशाला?

मी तो ठेवला होता. १९९४ साली एक हमाल आला. दोन वर्षांत करगोटा दोनदा सैल करावा लागला, असे तो आपणहून सांगत होता. 'पोट नई, वारं शे,' असे म्हणून तो हसला, मीही हसलो आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. पावसाळ्याआधी तो हृदयविकाराने गेला. अमेरिकेतल्या डॉ. रीव्हन यांनी १९८८ साली याच दुखण्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटले, त्यातही लठ्ठपणा धरलेला नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवतो. पण माणूस करगोट्याचे सांगत होता आणि माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याची फीत पडून होती, हे त्याने पुसले जात नाही.

आता तुला वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांची घाई झाली आहे. मी त्यांचा वैरी नाही. त्यांतल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातले दोन तृतीयांश परत आले, आणि जे उतरते त्यात मांसही असते. ५८ किलोच्या कष्टकऱ्याचे मांस तुला उतरवायचे आहे का? त्याच्या पोटाचा घेर कमी व्हायला हवा, दंड नव्हे. तो घेर किती, हे मोजल्याशिवाय तुला कसे कळणार, बाबा?

बाजाराच्या दिवशी त्याला बोलाव. सदरा वर, करगोटा बाजूला. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत आडवी लाव, सहज श्वास सोडल्यावर वाच, आणि तो पोट आत ओढेल तेव्हा त्याच्याशी पाऊसपाण्याचे बोलत राहा. आकडा कळव. औषधाचे त्यानंतर बोलू.

तुझा,
आप्पा