जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

दुरुस्तच करा. तुम्ही लिहिलेली लक्षणं अशी: ऐंशीच्या दशकातला देशी बनावटीचा स्टिरिओ, डावा चॅनेल मधूनच गप्प होतो आणि आवाज वाढवला की फटकन परत येतो, मागे सतत बारीक घूं चालू, आणि रत्नागिरीतला मेकॅनिक म्हणतोय, 'आतलं सगळं काढून नवं बोर्ड टाकतो.' यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर काळजी करण्यासारखं फार काही नाही.

आधी डावा चॅनेल. आवाज वाढवल्यावर तो परत येतो, म्हणजे आउटपुटचे (स्पीकरला ताकद देणारे) ट्रान्झिस्टर बहुतेक शाबूत आहेत. कुठल्यातरी स्विचच्या किंवा रिलेच्या कॉन्टॅक्टवर काळा थर चढलाय. बारीक सिग्नल त्यात अडकतो, मोठा सिग्नल तो भेदून जातो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हे व्हायचंच. माझा पहिला संशय टेप मॉनिटरच्या बटणावर. कॅसेट डेक माळ्यावर गेल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नसतो, पण सिग्नल आजही त्यातूनच पुढे जातो. ॲम्प बंद करून ते बटण वीस-तीस वेळा आत-बाहेर करा. मोनो, लाउडनेस, स्पीकर निवडायचा स्विच, सगळ्यांना तेच. व्हॉल्यूम आणि बॅलन्सचे कंट्रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. फरक पडला तर दुखणं सापडलं. मग कोणाकडून तरी झाकण उघडून आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एखादा फवारा मारून घ्या. बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट स्प्रे मात्र नको, त्यावर धूळ चिकटून बसते.

फरक पडला नाही, तर ॲम्प बंद करून त्याच्या मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. आता दुसरा स्पीकर गप्प झाला तर दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. आधीचाच स्पीकर गप्प राहिला तर दोष स्पीकरचा किंवा वायरचा, ॲम्पला उगाच उघडू नका. मग इनपुटच्या पिनांचीही तशीच अदलाबदल करून बघा. मेकॅनिककडे जाण्याआधी एवढं केलेलं असलं की समोरच्याला तुम्हाला काहीही सांगता येत नाही.

आता घूं. इनपुटच्या सगळ्या वायरी काढा. घूं थांबली तर भानगड अर्थिंगची किंवा वायरींची. थांबली नाही आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच राहिली, तर पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर थकले असणार. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणारा भाग) ती लहर १०० हर्ट्झची होते, आणि ती सपाट करायचं काम या कपॅसिटरांचं. आतलं इलेक्ट्रोलाइट वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं सुकत जातं. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी कमी ठेवलं तर त्यांचं आयुष्य दुप्पट होतं. म्हणून नवे टाकताना ८५ अंशांचे न घेता १०५ अंशांचे मागा. व्होल्टेज जुन्याइतकं किंवा थोडं जास्त चालतं. कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डिंकासारखं काही दिसलं तर लगेच 'गळलाय' म्हणू नका. कारखान्यात तो हलू नये म्हणून लावलेला गोंदही असाच दिसतो. पण तो जुना झाला की शेजारच्या भागांच्या पायांना गंज चढवतो, म्हणून खरवडून काढलेला बरा.

तुमच्याकडे साधा मल्टिमीटर असेल तर झाकण न उघडता एक मोजमाप घेता येतं. स्पीकर काढून ठेवा, ॲम्प चालू करा, व्हॉल्यूम शून्यावर, आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर टोकं लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर दाखवून घ्या. सरळ काही व्होल्ट दिसले तर त्या बाजूला स्पीकर अजिबात जोडू नका, स्पीकरमधली व्हॉइस कॉइल (तारेचं वेटोळं) जळेल. त्या काळच्या काही डिझाइनमध्ये आउटपुटला मोठा कपॅसिटर असतो. तिथे आकडा जवळपास शून्यच येतो आणि त्यावरून आतल्या तब्येतीचं फारसं काही कळत नाही. बाकी झाकण उघडून स्वतः हात घालू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत चार्ज राहतो.

मेकॅनिकच्या नव्या बोर्डाला मी ठाम नाही म्हणेन. त्याला दोष शोधत बसायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळच्या देशी ॲम्पमध्ये बहुतेक सुटे भाग असतात. २एन३०५५ सारखा ट्रान्झिस्टर आजही दुकानात मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ गेलात तर एका फेरीत काम होतं. फक्त नकली मालापासून जपा. खरा २एन३०५५ हा १५ अँपिअर आणि ११५ वॅटचा. नकली आणि खरा बाहेरून सारखेच दिसतात, पण नकलीच्या टोपीखाली चिप इवलीशी असते आणि गाणं जरा रंगात आलं की तो जातो. हे बदलावे लागलेच तर खालचा मायका (वीज अडवणारी पातळ चकती) आणि उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्टही नवी हवी, आणि पहिल्यांदा चालू करताना विजेच्या वायरीत सिरीजमध्ये १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब (एलईडी नव्हे). बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटूनच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे.

नवा घ्यावा असं मी कधी म्हणेन? आउटपुटला सुट्या ट्रान्झिस्टरांऐवजी एसटीके मालिकेतला जुना आयसी (सगळं एकाच तुकड्यात) असेल आणि तोच गेला असेल तर. ते बनायचे थांबले, आणि त्या नावानं बाजारात जे मिळतं त्यातलं बरंचसं नकली. एचडीएमआयवाल्या होम थिएटर रिसीव्हरचा डिजिटल बोर्ड गेला तरी मी त्यात पैसे घालणार नाही. किंवा आधीच्या तीन मेकॅनिकांनी पीसीबीच्या पट्ट्या उचकटून जागोजागी वायरींचे पूल बांधले असतील तर. ट्रान्सफॉर्मर जळला तरी मात्र घाबरू नका, आपल्याकडे तो पुन्हा वाइंड करून देणारे आहेत.

नवा घेतलात तरी वॅटच्या आकड्यांना भुलू नका, खोक्यावरच्या पीएमपीओला (फुगवून सांगितलेल्या क्षणिक वॅटला) तर नाहीच. ५० वॅटच्या जागी १०० वॅट आणलात तर आवाज ३ डेसिबलनंच वाढतो. १९७८ चा एनएडी ३०२० हा ॲम्प कागदावर फक्त २० वॅटचा होता आणि लोक आजही तो शोधत फिरतात. तुमच्याकडे वडिलांच्या रेकॉर्डी आहेत असं लिहिलंय, तेव्हा फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा) आहे का तेही बघा. हल्लीच्या स्वस्त, छोट्या क्लास डी ॲम्पांत तो बहुधा नसतो. वेगळा फोनो प्रीॲम्प घ्यावा लागतो आणि हिशेब बदलतो.

खर्चाचं म्हणाल तर भाग स्वस्त असतात, पैसे माणसाच्या वेळेचे. तसल्याच नव्या ॲम्पच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मी बिनधास्त जाईन. ॲम्प कुरिअरनं मात्र पाठवू नका. जड ट्रान्सफॉर्मर एका आपटीत बोर्ड मोडतो. स्वतः घेऊन जा, कामाआधी आतला फोटो काढून ठेवा, आणि बदललेले जुने भाग पिशवीत घालून परत मागा.